कॅमेऱ्यातला चंद्र, कानातला चंद्र

ऑक्टोबरातल्या एखाद्या सकाळी तळघरातला घर तापवणारा फर्नेस पहिल्यांदा धडधडतो आणि घरभर जळक्या धुळीचा वास सुटतो. उन्हाळाभर नळ्यांमध्ये निवांत बसलेली धूळ असते ती. अर्ध्या तासात वास जातोही. पण मिनेसोटात राहणाऱ्या माणसाला थंडी आल्याचं कॅलेंडर सांगत नाही, हा वास सांगतो. माझा नवरा निखिल नाक मुरडत खिडकी उघडायला धावतो आणि मी त्याला अडवते. "काय मिळतं बाप्पा तुला त्या वासात?" तो दरवर्षी विचारतो, आणि दरवर्षी मी काहीतरी थातुरमातुर सांगून वेळ मारून नेते. खरं सांगायचं तर त्या वासात मला दुसऱ्याच कुणाचं तळघर मिळतं. तिथे फर्नेसच्या शेजारी एक टेबल आहे, टेबलावर रेडिओचे डबे आहेत, एक छोटा काळा-पांढरा टीव्ही आहे आणि त्या टीव्हीत वाटाण्याएवढा चंद्र आहे.

दोन हजार पाचचा तो हिवाळ्याच्या तोंडचा काळ. ईडन प्रेरी या गावात आम्ही नवे होतो. निखिलच्या व्हिसाच्या शेपटीला बांधून माझा व्हिसा आला होता आणि त्यावर नोकरी करायला बंदी होती. मी नागपूरची बी.ई. इलेक्ट्रॉनिक्स, पुण्यात दोन वर्षं टेलिफोनची यंत्रं तपासण्यात घालवलेली. इथे आल्यावर तपासायला उरला तो मायक्रोवेव्ह. रडत बसण्याचा माझा स्वभाव नाही, पण घासलेलीच भांडी मी पुन्हा घासायला लागले होते आणि ते काही चांगलं लक्षण नव्हतं. गाडी एकच, ती निखिल ऑफिसला न्यायचा. पायी जाता येईल एवढ्या अंतरावर तीन गोष्टी होत्या: एक तळं, एक लायब्ररी आणि विनायककाकांचं घर.

विनायककाका मूळचे मिरजेचे, एक्स-रे वाचणारे डॉक्टर. तरुणपणी अमेरिकेत आले, आयुष्यभर लोकांची हाडं आणि फुप्फुसं उजेडावर धरून पाहिली आणि निवृत्त झाल्यावर त्यांना हौशी रेडिओचं वेड लागलं. सरकारी परवाना काढून घरच्या घरी रेडिओवर बोलणारे लोक असतात, त्यातले ते एक. मंडळाच्या गणपतीत त्यांची माझी ओळख झाली. मोदकाची प्लेट हातात धरून ते कुणाला तरी सांगत होते, की परसात मोठी डिश लावली आहे आणि तिने चंद्राशी बोलायचं आहे. ऐकणारा हसून "वा, वा" म्हणाला आणि पाणी प्यायला निघून गेला. मी तिथेच उभी राहिले आणि विचारलं, "काका, डिश केवढी आहे? आणि पॉवर किती सोडता?"

त्यांनी माझ्याकडे चष्म्याच्या वरून पाहिलं. "तुला कळतं यातलं?"

"इंजिनियर आहे मी. सध्या बिनकामाची."

"मग उद्या सकाळी ये," ते म्हणाले. "काम आहे."

इतकं साधं वाक्य. पण त्या वर्षात मला कुणी म्हटलेलं ते सगळ्यात गोड वाक्य होतं, आणि दुसऱ्या दिवशी मी नाश्ता न करताच निघाले.

चंद्राशी बोलायचं म्हणजे काय, ते सांगते. डिश चंद्रावर रोखायची आणि रेडिओवरून टक टक असा एक सूर सोडायचा. तो सूर चंद्रावर आपटतो, चहूकडे विखुरतो आणि त्यातला कणभर भाग परत पृथ्वीवर येतो. जायला-यायला मिळून अडीच सेकंद लागतात. डिश नीट रोखलेली असेल, तर खरखरीतून आपलीच टक टक आपल्याला ऐकू येते. बस्स, एवढंच. त्यातून पैसा मिळत नाही, बातमी होत नाही. पण आपला सूर एवढ्या लांबून आपल्याकडे परत यावा, या एकाच गोष्टीसाठी काकांनी काही वर्षं घालवली होती, आणि एकदाही तो परत आलेला नव्हता.

आणि आता वेळ संपत आली होती. काका-काकूंनी घर विकलं होतं. मुलगी ॲरिझोनात, चँडलरला होती. तिच्या जवळ, बर्फ नसलेल्या गावात जायचं ठरलं होतं. तिथल्या वसाहतीच्या नियमात परसात डिश बसत नव्हती. नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सुमारास घराच्या किल्ल्या द्यायच्या होत्या, त्याआधी एक माणूस येऊन डिश भंगारात नेणार होता. म्हणजे जे काय ऐकायचं ते या पानगळीत. तेही घाईने जमणारं नव्हतं, कारण परसाच्या पश्चिमेला मेपलची झाडं होती आणि त्यांची ओली पानं रेडिओचा सूर गिळून टाकत. पानं गळली की मगच आभाळ मोकळं. बाकीचं गाव झाडांचे रंग बघायला गाड्या काढून हिंडत होतं, आणि आम्ही दोघं पानं एकदाची पाडा, म्हणून झाडांच्या मागे लागलो होतो.

डिश म्हणजे एका शेतकऱ्याच्या अंगणातून उचलून आणलेली जुनी टीव्हीची डिश. आम्ही तिघं-चौघं आडवे झोपलो असतो तर तिच्यात मावलो असतो. तिच्या मध्यातून छत्रीच्या मुठीसारखी वाकलेली एक नळी पुढे आली होती आणि नळीच्या टोकाला एक पत्र्याचा डबा होता. डिशवर पडलेलं सगळं त्या डब्यात गोळा व्हायचं. काका त्याला कान म्हणायचे. डिश वळवायला मोटर होती, पण ती कुठे वळली आहे हे दाखवणारी तळघरातली तबकडी सपशेल खोटं बोलायची. वाऱ्याने डिश हलली तरी काटा जागचा हलत नसे. मग काकांनी डिशच्या काठावर एक कॅमेरा लावला. दुकानात चोर पकडायला लावतात तसला, प्लंबिंगच्या पाइपात बसवलेला. त्याची वायर खिडकीतून तळघरात आली होती आणि छोट्या टीव्हीला जोडली होती. टीव्हीच्या काचेवर काकूंच्या शिवणाच्या डब्यातला काळा दोरा आडवा-उभा चिकटवून फुली केली होती. चंद्र फुलीवर आला, की डिश चंद्रावर आहे.

"दिसतंय ना? मग आहे," काका म्हणायचे. हे त्यांचं जन्माचं ब्रीद होतं. फिल्मवर दिसलं तर मोडलंय, नाही दिसलं तर नाही मोडलं. पेशंट कितीही ओरडला तरी.

मी पुण्यात शिकले होते ते जरा वेगळं होतं. तिथे आमचे साहेब हेडफोन डोक्याला लावून बसायचे आणि स्क्रीनकडे पाहायचेच नाहीत. पण नव्या घरात सून पहिल्या दिवशी फोडणी बदलत नाही. मी गप्प राहून वायरी बांधल्या.

दसऱ्याला काकूंनी यंत्रांची पूजा केली. कुसुमकाकू म्हणजे बारीक चणीच्या, ठणठणीत आवाजाच्या बाई. आयुष्यभर इथल्या शाळेत गणित शिकवलेल्या. डिशवर त्यांचा राग होता, पण पूजेतून तिला वगळण्याइतका नव्हता. काकांनी डिश खाली झुकवून दिली, काकूंनी तिला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. मग लाल कापडात बांधलेला एक नारळ आणून त्यांनी तो त्या वाकड्या नळीला, कानाच्या जवळ, घट्ट बांधून टाकला.

"हे कशाला आता?" काका म्हणाले.

"घर बघायला येतो तो प्रत्येक माणूस आधी तुमची डिश बघतो. नजर लागेल तिला. मिरजेत आमच्या दुकानावर होता बांधलेला."

"शास्त्रीय काम आहे हे, कुसुम."

"असू दे की. नारळ काही अडवत नाही तुमच्या शास्त्राला."

आम्ही तिघंही हसलो. फोटो काढला. माझ्याकडे तो आहे अजून: झेंडू, डिश, आणि काकूंच्या चेहऱ्यावर आता बघा कसं होतं ते, असा भाव.

कोजागिरी सोमवारी आली, म्हणून मंडळाने ती पुढच्या शनिवारी साजरी केली. इथे सगळे सण शनिवारी येतात. देवांनाही त्याची सवय झाली असावी. काकांच्या परसात पन्नासेक माणसं, मोठ्या पातेल्यात मसाला दूध, आणि चंद्राचा पत्ता नाही. पौर्णिमा उलटून गेल्यामुळे तो बराच उशिरा उगवणार होता आणि मुलांची झोपायची वेळ आधी होणार होती. शेवटी काकांनी सगळ्यांना तळघरात नेलं आणि टीव्हीवर आदल्या दिवशी टेप करून ठेवलेला चंद्र दाखवला. "इज इट लाइव्ह?" एका मुलीने विचारलं. "काल लाइव्ह होता," काका म्हणाले. लोकांनी त्या टीव्हीतल्या चंद्रालाच वाटी दाखवली आणि दूध पिऊन टाकलं. निखिल घरी येताना गाडीत हसून हसून बेजार झाला होता. मला मात्र त्यात काही वावगं वाटलं नाही. परमुलखात माणूस मिळेल त्या चंद्रावर भागवतो.

खरा चंद्र सकाळी होता. पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात सकाळी ऊन पडलं, तरी पश्चिमेच्या आभाळात विरघळत आलेल्या बत्ताशासारखा एक चंद्र असतो. कुणी वर बघत नाही, म्हणून तो कुणाला माहीत नसतो. त्या वर्षी तो नेहमीपेक्षा जास्त उत्तरेला चढत होता आणि आभाळात बराच वेळ रेंगाळायचा. निखिल ऑफिसला गेला की मी कोट चढवायचे, गळलेल्या पानांतून चालत काकांकडे जायचे. पायाखाली पानांचा आवाज, नाकात कुणाच्या तरी लाकडाच्या शेगडीचा धूर, आणि तळघरात उतरलं की फर्नेसचा तो वास. काका मोटरचं बटण दाबायचे. टीव्हीत आधी काकांच्या शेजाऱ्याचं धुराडं यायचं, मग झाडांचे शेंडे, मग नुसतं आभाळ, आणि मग एका कोपऱ्यातून चंद्र हळूच आत सरकायचा. तो फुलीवर बसला की काकांचा चेहरा असा व्हायचा, की आता फक्त पेढे वाटायचे बाकी आहेत.

मग ते टक टक करायचे. आम्ही दोघं श्वास रोखून हेडफोनला एकेक कान लावायचो. खरखर. पुन्हा टक टक. खरखर. चंद्र मावळतीला असला की परतीचा सूर किंचित उतरून येतो, म्हणून रिसीव्हर थोडा खाली लावायचा असतो. आम्ही खाली लावला, आणखी खाली लावला, वर लावला. काकांनी डबे उघडून पाहिले, वायरी बदलल्या, एक महागडा भाग पोस्टाने मागवला. कॅमेऱ्यावर त्यांचा संशय एकदाही गेला नाही. चंद्र दिसत होता ना. तो आठवडा संपला, चंद्र बारीक होत गेला आणि सूर्याच्या जवळ जाऊन दिसेनासा झाला. आता पुढच्या पौर्णिमेनंतरचा एक आठवडा, आणि मग भंगारवाला.

काका त्या दिवशी जिन्यावर बसले आणि म्हणाले, "राहू दे, उमा. काही फिल्म कोऱ्याच निघतात."

मला राग आला. त्यांचा नाही, त्या कोऱ्या फिल्मचा.

हल्ली घरोघरी कॅमेरे झाले आहेत. दारावर एक, गॅरेजवर एक. निखिल ऑफिसात बसून आमच्या पायरीवर आलेलं पार्सल बघतो आणि मला फोन करतो, "दारात काहीतरी आहे, उचल." मी घरात असते, पार्सल दारात असतं, आणि बातमी वीस मैलांवरून येते. माझी तक्रार नाही. पण कॅमेरा एकच गोष्ट सांगतो: त्याचं तोंड कुठे आहे. समारंभात काही लोक आपल्या डोळ्यांत डोळे घालून उभे असतात आणि त्यांचा कान मात्र मागच्या टेबलावरच्या गप्पांकडे असतो. तोंडावरून कान ओळखता येत नाही. हे मला आज सुचतंय असं नाही. त्या दिवशी जिन्यावर काकांच्या शेजारी बसले असताना अचानक सुचलं, आणि मी उठून उभीच राहिले.

"काका, डिशचं तोंड चंद्राकडे आहे हे कॅमेरा सांगतो. कान चंद्राकडे आहे हे कोण सांगतं?"

"दोन्ही एकच आहे."

"असायला पाहिजे. आहे का?"

"अगं, दिसतंय—"

"दिसतंय तोंड. मला कान ऐकायचाय."

ते चष्मा वर सरकवत उठले. रागावले असावेत. मी मागे हटले नाही, कारण मला माहीत होतं की माझं बरोबर आहे.

कानाची परीक्षा घ्यायला आभाळात एकच गोष्ट पुरेशी मोठ्याने बोलते, ती म्हणजे सूर्य. सूर्य रेडिओवर दिवसभर खरखरत असतो. डिश बरोबर त्याच्यावर आली की हेडफोनमधली खरखर चढते, पाऊस पत्र्यावर वाढावा तशी. दिवाळी आली होती, अमावास्या, चंद्राची सुट्टी. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी मी काकूंना करंज्यांना मदत करायला म्हणून गेले आणि करंज्या सोडून काकांना घेऊन तळघरात उतरले. कॅमेरा सूर्याकडे थेट रोखला असता तर आंधळा झाला असता. काकांनी जुन्या काळ्याकुट्ट एक्स-रे फिल्मचे तुकडे कापून त्याच्या तोंडावर बांधले. आयुष्यभराचा धंदा शेवटी असा कामी आला.

"टीव्ही बंद ठेवायचा," मी म्हटलं. "आधी कानाने शोधायचं."

"आणि नेम?"

"कान लावेल."

मी हेडफोन घातला आणि डोळे मिटले. काका मोटर चालवत होते, मी हाताने खुणा करत होते: डावीकडे, अजून, खाली, थोडं वर. खरखर वाढत गेली, शिगेला पोचली आणि पुन्हा उतरायला लागली. मी त्यांना परत आणलं, बरोबर शिगेवर. "थांबा. आता टीव्ही लावा."

टीव्ही लागला. फुलीवर काहीच नव्हतं. सूर्य होता, पण पार वर, स्क्रीनच्या काठाला चिकटून.

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "म्हणजे इतके दिवस..."

"आपण चंद्राकडे तोंड करून त्याच्या डोक्यावरचं आभाळ ऐकत होतो."

कान खाली झुकला असेल तर तो वरचं ऐकतो. डिश आरशासारखी असते, सगळं उलटं करते. म्हणजे कुणीतरी त्या नळीला खाली ओढत होतं. आम्ही दोघं परसात धावलो. डिश वर सूर्याकडे बघत होती, तिच्या मध्यातून ती छत्रीची मूठ आली होती, आणि मुठीच्या टोकाला, कानाच्या शेजारी, लाल कापडातला काकूंचा नारळ डुलत होता. झेंडू वाळून तपकिरी झाले होते. नळीला ताणून धरणाऱ्या दोऱ्यांपैकी एक सैल पडून लोंबत होती आणि नळी वीतभर वाकली होती.

तो नारळ आम्ही रोज बघत होतो. रोज त्याच्या खालून जात होतो. पण तो देवाचा होता. डबे, वायरी, स्क्रू, सगळ्यांवर आम्ही संशय घेतला. देवाच्या वस्तूला वजन असतं हे दोन शिकलेल्या माणसांच्या डोक्यातही आलं नाही. एखाद्या गोऱ्या माणसाने पहिल्याच दिवशी विचारलं असतं, की हे काय लटकवलंय.

"हे तिला तू सांग," काका हळूच म्हणाले.

स्वयंपाकघरात काकू तळणीतून करंजी काढत होत्या. मी जरा घोळवून, नारळामुळे शुभ झालंच असेल पण, असं काहीतरी सुरू केलं. त्यांनी झारा खाली ठेवला.

"नळी वाकली?"

"हो."

"किती?"

"वीतभर."

"मग इतके दिवस बोलायचं नाही का? मी गणित शिकवलंय चाळीस वर्षं, मला वजन कळत नाही का?" त्या काकांकडे वळल्या. "आणि तुम्ही! घरात सगळं बघत असता, नारळ तेवढा दिसला नाही?"

"दिसत होता," काका म्हणाले.

"काढा आणि आत आणा. देवाला दाखवून फोडते. तसा टांगून ठेवायचा नसतोच तो फार दिवस."

नारळ फोडला, नमस्कार केला, आणि त्या दिवाळीत कानाजवळ वीस दिवस टांगलेल्या नारळाचं खोबरं आम्ही सगळ्यांनी खाल्लं. थोडं खवट होतं. कुणी तसं म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही कपडे वाळत घालायची नवी दोरी आणून नळी सरळ ताणली. पुन्हा सूर्य ऐकला, पुन्हा टीव्ही लावला. सूर्य फुलीवर, दोऱ्याच्या बरोबर मध्ये. काकांनी खिशातून रुमाल काढला आणि विनाकारण नाक शिंकरलं.

मग मला हुरूप चढला. मी म्हटलं, कॅमेरा आता खरं बोलतोय तोवर त्या खोटारड्या तबकडीलाही सरळ करून घेऊ. सूर्य फुलीवर आणायचा, तो कुठल्या दिशेला आणि किती उंच आहे ते कॉम्प्युटर सांगतो, तबकडीवर त्या जागी खूण करायची. सूर्य जिथे जात नाही तिथे गावातली पाण्याची टाकी, चर्चचा सुळका, मोबाइलचा टॉवर फुलीवर धरायचा. त्यांच्या दिशा नकाशावरून काढायच्या. खुणांसाठी मी माझ्या टिकल्यांचं पाकीट वापरलं. त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत दिशेच्या आणि उंचीच्या अशा दोन्ही तबकड्यांवर लाल, हिरव्या, सोनेरी टिकल्यांची रांग लागली होती. काकू बघून म्हणाल्या, "डोहाळजेवण आहे का तिचं?"

पौर्णिमा आली आणि आभाळ भरून आलं. मिनेसोटात नोव्हेंबर म्हणजे ढग घोंगडीसारखे अंगावर येतात आणि आठवडाभर उठत नाहीत. झाडं पार उघडी झाली होती, पश्चिम मोकळी झाली होती, नळी सरळ होती, आणि कॅमेऱ्यात रोज सकाळी एकच चित्र होतं: करडं. काका तळघरात येऊन टीव्ही लावायचे, करड्याकडे बघायचे, आणि वर जाऊन पुस्तकांची खोकी भरायला लागायचे. मी रोज म्हणायचे, "निदान एकदा तरी." ते म्हणायचे, "उद्या उघडेल." त्या आठवड्यातली शेवटची सकाळ आली. भंगारवाल्याचा फोन येऊन गेला होता. बाहेर भुरभुर सुरू झाली होती. पाऊस म्हणावा तर पांढरी, बर्फ म्हणावं तर ओली.

काका टीव्हीसमोर बसले होते. करडं चित्र, त्यावर काळ्या दोऱ्याची फुली.

"नाही दिसत," ते म्हणाले. "संपलं, उमा. तू फार केलंस."

"काका, कॅमेऱ्याचं काम झालंय. त्याने तबकडीला शिकवलं. आता तबकडीला माहीत आहे."

"चंद्र दिसत नसताना कशावर रोखायची डिश?"

"तो आहे तिथेच आहे. ढग आपल्याला आहेत, रेडिओला नाहीत." मी कॉम्प्युटरवरून चंद्राची जागा वाचली आणि मोटरचं बटण स्वतः दाबलं. त्यांची परवानगी घेतली नाही. काटा लाल टिकलीवरून सरकत हिरव्यापाशी आला. दुसरा काटा दोन सोनेरी टिकल्यांच्या मध्ये थांबला. त्या सकाळी मला खात्री होती, अशी खात्री की जी मला त्या देशात आल्यापासून कशाचीच वाटली नव्हती. "टक टक करा, काका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हेडफोन घातला. परवान्यावरच्या आपल्या सांकेतिक नावाचं पहिलं अक्षर त्यांनी छोट्या-लांब सुरांच्या लिपीत बोटाने वाजवलं आणि हात उचलला.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. अडीच सेकंद हा फार मोठा काळ असतो. काही झालं नाही, काही झालं नाही, आणि मग त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी पुन्हा वाजवलं. पुन्हा थांबले. तोंड थोडं उघडं राहिलं. मग त्यांनी हेडफोनची वायर उपटली आणि सूर स्पीकरवर घेतला, आणि तिसऱ्यांदा वाजवलं.

खरखरीच्या तळाशी, थोडा उतरलेला, काठांवर विरलेला, पण स्वच्छ: टक, टाऽक, टाऽक.

"अगं," काका म्हणाले, "हा मी आहे."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. मलाही आलं. कितीतरी वेळ ते पुन्हा पुन्हा वाजवत राहिले आणि प्रत्येक वेळी तेच वाक्य म्हणत राहिले. मग त्यांनी हात लांब करून टीव्ही बंद केला आणि खुर्चीवरून उठले. "बस. आता तू."

मला ती लिपी येत नव्हती. त्यांनी टेबलावर बोटाने वाजवून दाखवलं, मी तसं केलं. पहिलं अक्षर, दोन छोटे, एक लांब. थांबले. परत आलं. दुसरं, दोन लांब. आलं. तिसरं, एक छोटा, एक लांब. मी केलेली एक चूक, शेवटचा सूर जरा जास्तच ओढलेला, तीसुद्धा जशीच्या तशी परत आली. उमा. माझं नाव, दुसऱ्या कुणाच्या नावाच्या खाली न छापलेलं. मला हसू यायला लागलं आणि ते थांबेना.

हसण्याचा आवाज ऐकून काकू हातात खोकी बंद करायची टेप घेऊन जिना उतरून आल्या. "काय झालं?"

"ऐक," काका म्हणाले. त्यांनी काकूंचं बोट धरून बटणावर ठेवलं आणि दाबलं. टाऽक. काकू भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या. आणि स्पीकरमधून, इतक्या लांबून, त्यांच्या बोटाचा आवाज घरी आला.

"हे माझं?" त्या म्हणाल्या. टेप खाली ठेवून त्यांनी खुर्ची ओढली. "सरका जरा. पुन्हा करू दे."

मग आम्ही आळीपाळीने वाजवत बसलो. वर खोकी तशीच पडून होती, चहा उकळून आटला असावा. काकू वाजवायच्या आणि अडीच सेकंद काकांकडे बघायच्या. काका वाजवायचे आणि त्यांच्याकडे बघायचे. परतीचा आवाज हळूहळू बारीक होत गेला, तसे आम्ही स्पीकरच्या जवळ सरकत गेलो. बाहेर भुरभुर चालूच होती आणि टीव्ही बंद होता, त्यामुळे चंद्र केव्हा मावळला ते आम्हाला दिसलं नाही. एका खेपेला उत्तर आलं नाही, तेव्हा कळलं.